आडोशाचे ऋण

माणसाच्या यशात त्याचे स्वतःचे किती आणि दुसऱ्यांचे किती, हा प्रश्न ख्रिस्तसभेला नवा नाही. पाचव्या शतकाच्या प्रारंभी ब्रिटनमधून आलेल्या पेलागियस नावाच्या तपस्व्याने असे प्रतिपादन केले की, मनुष्याने मनात आणले तर तो स्वतःच्या इच्छाशक्तीने सन्मार्गावर चालू शकतो. हिप्पोचे महागुरू संत ऑगस्टीन यांनी आपल्या उतारवयातील कितीतरी वर्षे या मताला उत्तर देण्यात वेचली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, ज्या इच्छाशक्तीचा मनुष्य एवढा अभिमान बाळगतो, ती इच्छाशक्तीसुद्धा त्याला लाभलेली असते. त्याने ती घडवलेली नसते. सेमिनरीत हा वाद आम्ही जाड पाठ्यपुस्तकांतून शिकलो. त्याचे मर्म आम्हांला पुढे उमगले, आणि तेही इटलीच्या लिगुरिया प्रांतातील समुद्राकाठच्या डोंगररस्त्यावर धावणाऱ्या सायकलींकडे पाहताना. वाचकांनी हसू नये. करिंथच्या मंडळीला बोध करताना संत पौलाला जर क्रीडांगणातील धावपटू आठवले, तर सायकलीच्या शर्यतीने एखाद्या धर्मगुरूला विचारात पाडावे यात वावगे काही नाही.

लिगुरिया म्हणजे इटलीच्या वायव्येकडील, जेनोआच्या दोन्ही बाजूंना धनुष्यासारखी वाकलेली किनारपट्टी. एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला थेट पाण्यात उतरणारे डोंगर. मध्ये सपाट जमीन जवळजवळ नाहीच. अशा ठिकाणी शेती करायची तर आधी जमीन निर्माण करावी लागते. तेथील शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या दगडावर दगड रचून, चुना-माती न वापरता बांध घातले, त्यांच्या आड माती अडवली आणि पायऱ्यापायऱ्यांची शेते तयार केली. या पट्ट्यांना तेथे ‘फाशे’ म्हणतात. त्यांवर ऑलिव्हची झाडे आहेत, द्राक्षवेली आहेत, आणि सान रेमोच्या आसपास फुलांच्या शेतीची काचेची घरे उन्हात चकाकत असतात. गिलाव्याविना दगड रचण्याच्या या कलेला २०१८ मध्ये युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. ज्यांनी ते बांध रचले त्यांची नावे मात्र कोणत्याही यादीत नाहीत.

याच किनाऱ्यावरील सान रेमोविषयी एक जुनी कथा सांगतात. १५८६ मध्ये पोप सिक्स्तुस पाचवे यांच्या आज्ञेने रोममध्ये संत पेत्राच्या चौकात प्रचंड दगडी स्तंभ उभारला जात होता. कुणी अवाक्षर काढू नये अशी सक्त ताकीद होती. दोर ताणाने तुटू पाहत आहेत हे ध्यानात येताच गर्दीतला सान रेमोचा एक खलाशी ‘दोरांवर पाणी टाका’ असे ओरडला आणि स्तंभ वाचला. त्याबद्दल झावळ्यांच्या रविवारी व्हॅटिकनला झावळ्या पुरविण्याचा मान त्याच्या घराण्याला मिळाला, अशी परंपरा आहे. कथा खरी किती, हा भाग वेगळा. परंतु झावळ्या हाती घेऊन मिरवणुकीत चालणाऱ्या आपल्या वाचकांना या किनाऱ्याशी थोडी ओळख वाटावी म्हणून ती सांगितली.

तर या किनाऱ्यावरून दरवर्षी मार्चमध्ये मिलान-सान रेमो ही शर्यत जाते. ती १९०७ मध्ये सुरू झाली. एकाच दिवसात सुमारे २९० किलोमीटर, म्हणजे मुंबईहून निघून सुरत गाठावी एवढे अंतर! २०२४ आणि २०२५ या वर्षी तिचा प्रारंभ मिलानऐवजी पावीया नगरातून झाला. पावीया हे तेच नगर, जेथील एका प्राचीन चर्चमध्ये संत ऑगस्टीन यांचे अवशेष आठव्या शतकापासून जतन केलेले आहेत. शर्यतीच्या आयोजकांच्या मनात पेलागियस असण्याची सुतराम शक्यता नाही; आम्हांला मात्र हा योगायोग फार भावला.

पहिले शंभरेक किलोमीटर पो नदीच्या खोऱ्यातून, सपाट. मग ५३२ मीटर उंचीवरची तुर्किनो खिंड. तिच्या माथ्यावर एक लहानसा बोगदा आहे. उत्तरेच्या बाजूने त्यात शिरावे तो कित्येकदा धुके असते, थंडी असते. पलीकडे उतरू लागले की खाली समुद्र. या शर्यतीला इटालियन लोक ‘वसंत’ म्हणतात ते उगीच नव्हे. तेथून पुढे आउरेलिया रस्ता. रोममध्ये शिकलेल्या आमच्या धर्मगुरुबंधूंना हे नाव परिचित असेल; व्हॅटिकनच्या पाठीमागून निघणारा तोच हा रस्ता, फ्रान्सच्या सीमेपर्यंत जाणारा. तो समुद्राला बिलगून चालतो आणि जेथे डोंगराचे नाक पाण्यात घुसते तेथे त्यावरून चढतो, उतरतो: कापो मेले, कापो चेर्वो, कापो बेर्ता. शेवटी दोन टेकड्या मुद्दाम घातलेल्या आहेत. चिप्रेस्सा १९८२ पासून आणि पोज्जो १९६० पासून. पोज्जोचा चढ जेमतेम ३.७ किलोमीटरचा आहे. शंभर मीटर गेल्यावर सरासरी चार मीटरही वर नेत नाही. आपल्या घाटांतून एस.टी.ने प्रवास केलेल्या कुणालाही त्याचे काही वाटणार नाही. परंतु तो सौम्य आहे, यातच आमच्या प्रश्नाचे मूळ आहे.

सायकल चालविणाऱ्याचा खरा शत्रू वारा. वारा सुटलेला नसला तरी तो असतोच, कारण वेगाने जाणारा मनुष्य स्वतःच तो निर्माण करतो. ताशी चाळीस किलोमीटरच्या पुढे गेले की सपाट रस्त्यावर अंगातील शक्तीचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग केवळ हवा बाजूला सारण्यात खर्ची पडतो. अशा वेळी दुसऱ्या स्वाराच्या मागच्या चाकापासून वीतभर अंतर राखून चालणाऱ्याचे श्रम पाव ते एक तृतीयांश भागाने कमी होतात. मोठ्या घोळक्याच्या मधोमध असलेल्याचे तर विचारूच नका. २०१८ मध्ये नेदरलँड्समधील आइंडहोवेन येथील संशोधक बर्ट ब्लोकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२१ स्वारांच्या घोळक्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. आत खोलवर असलेल्या स्वाराला एकट्याने चालणाऱ्याच्या तुलनेत हवेचा अवघा पाच ते दहा टक्के विरोध सोसावा लागतो, असे त्यांना आढळले. आणखी एक गोष्ट अशा अभ्यासांतून दिसून आली आहे. मागे कुणी असेल तर पुढच्यालाही अल्पसा, दोन-तीन टक्क्यांचा लाभ होतो. कारण पुढच्याच्या पाठीमागे जो हवेचा भोवरा त्याला मागे ओढत असतो, तो मागच्याच्या अस्तित्वाने मंदावतो. आश्रय घेणारा आश्रय देणाऱ्याला नकळत काही परत करत असतो, हे वाचून आम्ही क्षणभर पुस्तक मिटून ठेवले होते.

उंच, तीव्र पर्वतावर वेग मंदावतो, वारा उरत नाही, आणि प्रत्येक जण आपापले वजन घेऊन एकटा चढतो. पोज्जोसारख्या सौम्य टेकडीवर मात्र वेग टिकून राहतो, म्हणून आडोशाची किंमतही टिकून राहते. तेथे शेवटच्या क्षणापर्यंत कुणीतरी कुणाच्या तरी आडोशाने चालत असतो. कोण कुणामुळे पुढे गेला, हे या किनाऱ्यावर सहजी उलगडत नाही.

रोममधील शिक्षणाच्या काळात एका मार्चमध्ये आम्ही पोज्जोच्या एका वळणावर उभे राहून ही शर्यत पाहिली होती. पाहिली म्हणणे धाडसाचे आहे. तीन तास ताटकळल्यावर साखळ्यांचा एक सरसर आवाज आला, रंगीत कपड्यांचा एक पट्टा डोळ्यांसमोरून गेला आणि अर्ध्या मिनिटात सारे संपले. गर्दी पांगू लागली. त्यानंतर पाच मिनिटांनी, दहा मिनिटांनी, दोन-दोन, तीन-तीन करून आणखी स्वार येऊ लागले; ताठ बसलेले, चेहऱ्यावर मीठ सुकलेले, एकमेकांशी बोलत चाललेले. आम्हांला वाटले, हे हरलेले. शेजारी उभ्या असलेल्या एका वृद्ध फूलविक्रेत्याने सांगितले की, सकाळपासून वाऱ्यात होते ते हेच. दीडशे-दोनशे किलोमीटर आपापल्या प्रमुखासाठी हवा फोडून, त्याला पाणी पुरवून, चिप्रेस्साच्या पायथ्याशी त्याला ताजातवाना पोहोचवून ते बाजूला झाले होते.

या स्वारांना इटालियन भाषेत ‘ग्रेगारियो’ म्हणतात. शब्द लॅटिन आहे. ‘ग्रेक्स’ म्हणजे कळप, त्यावरून कळपातला तो ग्रेगारियुस, रोमन सैन्यातला साधा शिपाई. फ्रेंच भाषेतील शब्द अधिक कठोर आहे: ‘दोमेस्तीक’, म्हणजे घरगडी. १९११ मध्ये टूर द फ्रान्स या शर्यतीचा जनक आंरी देग्रांज याने मोरिस ब्रोको नावाच्या स्वाराला हे विशेषण हिणवण्यासाठी लावले, कारण त्याने दुसऱ्या स्पर्धकाला मदत देऊ केली होती. देग्रांजच्या मते शर्यत म्हणजे एकेका माणसाच्या पौरुषाची कसोटी. दुसऱ्याचा आडोसा घेणे ही लबाडी. आमच्या दृष्टीने हा देग्रांज म्हणजे सायकलीवर बसलेला पेलागियसच होय.

परंतु त्याच्या म्हणण्यात काहीच तथ्य नाही असे मात्र नाही. आडोसा घेऊन पाळी न देणारा स्वार खरोखरच असतो. घोळक्यापासून सुटलेले चार-पाच जण आळीपाळीने पुढे येऊन वारा सोसतात, असा संकेत आहे. तो कोणत्याही नियमपुस्तकात नाही, तरी सर्वांना ठाऊक आहे. जो नुसताच मागे बसतो आणि शेवटच्या शंभर मीटरांत उसळी घेऊन पुढे जातो त्याला इटालियन लोक ‘चाके चोखणारा’ म्हणतात. १९९२ च्या शर्यतीत इटलीचा मोरेनो आर्जेंतीन पोज्जोच्या चढावर सर्वांना मागे टाकून एकटा निघाला. आयर्लंडचा शॉन केली, वय वर्षे पस्तीस, एका शेतकऱ्याचा मुलगा, जिवावर उदार होऊन वळणावळणांचा तो उतार उतरला आणि सान रेमोच्या रस्त्यावर त्याने आर्जेंतीनला गाठले. आर्जेंतीनने त्याला पुढे येऊन पाळी घेण्याची खूण केली. केली पुढे आला नाही. मागचा घोळका जवळ येत होता, आर्जेंतीनला थांबणे परवडणारे नव्हते. तो वाऱ्यात राहिला आणि शेवटी केलीने त्याला मागे टाकून शर्यत जिंकली.

केलीने अन्याय केला काय? आम्ही या प्रश्नाचा पुष्कळ विचार केला आहे. आमचे उत्तर असे की, नाही. त्याने उतारावर आपला जीव पणाला लावून ते अंतर तोडले होते. त्याच्या वाट्याचा वारा त्याने तेथे सोसला होता. शिवाय दोघे प्रतिस्पर्धी होते आणि दोघांनाही खेळ ठाऊक होता. कपट तेथे असते, जेथे एक जण दुसऱ्याला पाळी देण्याचे वचन देऊन ती देत नाही. आडोसा घेणे हे पाप असते, तर पृथ्वीवर एकही बालक निष्पाप राहिले नसते.

एकट्याने जिंकण्याचेही एक थोर उदाहरण याच रस्त्यावर घडले. १९ मार्च १९४६. दुसरे महायुद्ध संपून वर्षही झाले नव्हते. फाऊस्तो कोप्पी, जो युद्धात ट्यूनिशियामध्ये ब्रिटिशांच्या हाती सापडून युद्धकैदी झाला होता, तुर्किनोच्या चढावर पुढे निघाला आणि उरलेले सुमारे दीडशे किलोमीटर एकटा चालून चौदा मिनिटांच्या अंतराने जिंकला. उद्ध्वस्त इटलीला त्या दिवशी मान वर करून पाहावेसे वाटले, असे म्हणतात. देग्रांज जिवंत असता तर आनंदाने नाचला असता. परंतु सकाळी लवकर कोप्पी घोळक्यातून सुटला तेव्हा तो एकटा नव्हता. काही स्वार त्याच्यासोबत होते आणि पो नदीच्या खोऱ्यातला वारा त्यांनी वाटून घेतला होता. त्यांतला शेवटचा सोबती, फ्रान्सचा ल्युसियाँ तेस्सेर, तुर्किनोवर मागे पडला आणि सान रेमोत दुसरा आला. कोप्पीच्या स्नायूंना घडविणारा, त्याला शिकविणारा ब्याजो काव्हान्ना हा तर पूर्ण अंध होता. आपल्या शिष्याचे यश त्याला कधी डोळ्यांनी पाहता आले नाही.

संत पौलाने गलतीकरांना लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात एक विसंगती वाटावी असे स्थळ आहे. दुसऱ्या ओवीत तो सांगतो की, तुम्ही एकमेकांचे भार वाहा. आणि लगेच पाचव्या ओवीत सांगतो की, प्रत्येकाने आपलाच भार वाहावा. मूळ ग्रीकमध्ये ही दोन स्थळे दोन वेगळ्या शब्दांनी लिहिलेली आहेत. पहिल्या ठिकाणी ‘बारोस’, म्हणजे माणसाला दडपून टाकणारे ओझे. दुसऱ्या ठिकाणी ‘फोर्तियोन’, म्हणजे प्रवाशाच्या पाठीवरचे ज्याचे त्याचे गाठोडे. पोज्जोकडे पाहिल्यावर हा भेद आम्हांला भाष्यग्रंथांपेक्षा अधिक स्पष्ट झाला. वारा हा बारोस आहे, तो वाटून घेता येतो. पायडल हा फोर्तियोन आहे. सात सोबती पुढे असले तरी ते तुमच्या वतीने पायडल मारू शकत नाहीत. म्हणून विजेत्याचे यश खोटे नसते. ते फक्त अपुरे सांगितले जाते.

येथे आम्ही आमच्या मुख्य मुद्द्याशी येतो. आडोशाचा एक गुणधर्म असा आहे की, तो ज्याला मिळतो त्याला तो जाणवत नाही. पुढच्याला वारा तोंडावर लागतो, तो त्याला विसरू शकत नाही. मागच्याला वाटते, आज वारा पडलेला आहे आणि आपले पाय चांगले चालत आहेत. त्याच्या अज्ञानाचे कारण त्याला मिळालेले दानच असते. संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या ‘सुम्मा’ ग्रंथात कृतघ्नतेच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. उपकाराची फेड न करणे ही पहिली. उपकार झाला हे बोलून न दाखविणे ही दुसरी. आणि सर्वांत वाईट तिसरी: उपकार झाला होता हे ओळखणेच हरवून बसणे, मग ते विसरण्यामुळे असो की अन्य कशामुळे. आपल्याला वाटेल की, विसरणाऱ्यापेक्षा जाणूनबुजून न फेडणारा अधिक दोषी. थॉमस यांनी हा क्रम उलटा का लावला असावा, हे वाऱ्याच्या उदाहरणावरून कळते. न फेडणाऱ्याला आपण ऋणी आहोत एवढे तरी ठाऊक असते; उद्या त्याचे मन पालटू शकेल. ज्याच्या हिशेबात वाराच नाही, तो कशाची फेड करणार? आणि हेच अक्वायनस पुढे असेही मानतात की, कृतज्ञतेची फेड उपकाराइतकीच करून भागत नाही. ती थोडी अधिक असावी लागते. कारण उपकार करणाऱ्याने तो कसलेही बंधन नसताना केलेला असतो; तेवढ्यास तेवढे परत करणारा केवळ मिळालेले परत करतो, आपल्या पदरचे काही देत नाही.

आता दुसरी बाजू. त्यागाचा महिमा गाणे सोपे असते, विशेषतः ज्याला त्याग करावा लागत नाही त्याला. व्यासपीठावरून सेवेची प्रवचने ऐकून आधीच वाकलेली माणसे अधिक वाकतात आणि ताठ असलेली ताठच राहतात, असे आमचे निरीक्षण आहे. कोप्पीचा एक ग्रेगारियो होता, आंद्रेआ कार्रेआ. नाझी छळछावणीतून जिवंत परतलेला हा धिप्पाड मनुष्य कोप्पीसाठी वर्षानुवर्षे वाऱ्यात राबला. १९५२ च्या टूर द फ्रान्समध्ये लोझानला संपलेल्या टप्प्यात, प्रतिस्पर्ध्यांवर नजर ठेवायची म्हणून तो पुढच्या तुकडीसोबत गेला, आणि दिवसाअखेरीस एकूण वेळेच्या हिशेबात तोच सर्वांच्या पुढे निघाला. आघाडीवीराचा पिवळा सदरा त्याच्या अंगावर चढविण्यात आला तेव्हा तो रडू लागला. आपण मालकाचा अधिकार बळकावला असे कोप्पीला वाटेल, या धास्तीने! दुसऱ्या दिवशी आल्प द्युएझच्या चढावर कोप्पी जिंकला, सदरा त्याच्याकडे गेला आणि कार्रेआच्या जिवात जीव आला.

ही कथा नम्रतेचा आदर्श म्हणून सांगितली जाते. आम्हांला तिच्यातील भीती खुपते. ज्याने छावणी सोसली, त्याने आपल्याच पायांनी मिळवलेल्या सदऱ्याची क्षमा मागावी, हे कोणत्या सद्गुणात बसते? नम्रता सत्याशी बांधलेली आहे; स्वतःचे मोल कमी सांगणे हेही असत्यच. कोप्पी त्याच्यावर रागावला नव्हता, ही या कथेतील दिलासा देणारी गोष्ट. परंतु रागावला नाही एवढ्याने काय होते? कार्रेआला ती धास्ती वाटावी अशी रीत ज्यांनी पाडली, त्यांचा हिशेब कोणी मांडला नाही.

मौनाविषयीही असेच तारतम्य हवे. ही शर्यत कित्येक दशके १९ मार्चला, संत जोसेफच्या सणाच्या दिवशी होत असे. शुभवर्तमानांत संत जोसेफच्या तोंडी एकही शब्द नाही. त्याने बालकाला आणि मातेला आडोसा दिला, इजिप्तला नेले, परत आणले, आणि तो कथेतून निघून गेला. ही शर्यत चार वेळा जिंकणारा फ्लॉरेन्सजवळचा जीनो बार्ताली हा कार्मेल संघाचा प्रापंचिक सदस्य होता. त्याचा विवाह १९४० मध्ये फ्लॉरेन्सचे कार्डिनल एलिया दाल्ला कोस्ता यांनी लावला. जर्मनांच्या ताब्यात इटली असताना याच कार्डिनल महोदयांच्या आश्रयाखाली यहुदी लोकांना वाचविण्याचे काम चालले होते. बार्तालीने सरावाच्या निमित्ताने बाहेर पडून बनावट ओळखपत्रांचे कागद सायकलीच्या नळीत लपवून नेले, असे सांगतात. त्या फेऱ्यांच्या तपशिलांविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. परंतु एका यहुदी कुटुंबाला त्याने आसरा दिला, हे त्या कुटुंबातील मुलाने पुढे स्वतः सांगितले. जेरुसलेमच्या याद वाशेम संस्थेने २०१३ मध्ये बार्तालीला ‘राष्ट्रांमधील नीतिमान’ म्हणून गौरविले. तोवर त्याला जाऊन तेरा वर्षे झाली होती. हयातीत तो या विषयावर बोलण्याचे टाळत असे. ते त्याला शोभले, कारण तो देणारा होता. त्या घरातला मुलगा मात्र गप्प राहिला असता तर ते त्याला शोभले नसते.

हे सारे समुद्रापलीकडचे झाले. पण धर्मगुरूच्या कचेरीत बसणाऱ्याला ते रोज भेटते. एका कुटुंबाचा प्रसंग आम्ही सांगतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वडील अकाली वारले तेव्हा थोरली बहीण एकोणीस वर्षांची होती. पाठीवर तीन भाऊ आणि एक बहीण. तिने परिचारिकेचे शिक्षण घेतले, मुंबईच्या एका रुग्णालयात नोकरी धरली, रात्रपाळ्या मागून घेतल्या कारण त्यांचा भत्ता मिळे. स्थळे आली ती ‘आधी यांचे होऊ दे’ म्हणून परतवली गेली आणि पुढे येईनाशी झाली. थोरला भाऊ आखाती देशात स्थिरावला, मधला बँकेत लागला, धाकटा कॅनडाला गेला, धाकट्या बहिणीचे लग्न झाले. आता आईही नाही, आणि वडिलांच्या वाडीला मोठी किंमत आली आहे.

आपल्याला लागू असलेल्या १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे मुलगा आणि मुलगी यांचा वाटा समान. भावांनी तिला तिचा पाचवा हिस्सा देऊ केला. कुणी लबाडी केली नाही. पुष्कळ घरांत तेवढेही होत नाही, बहिणींकडून गोडीगुलाबीने हक्कसोड लिहून घेतात, म्हणून या भावांना आम्ही वाईट म्हणणार नाही. वाद निघाला तो दुसऱ्याच गोष्टीवरून. निवृत्तीनंतर तिने जुन्या घराच्या दोन खोल्या आपल्याकडे राहाव्यात एवढे मागितले. मधला म्हणाला, “फादर, कायद्याने सगळ्यांना सारखे. मग हिला जास्त कशासाठी? आम्ही सगळेच आपापल्या मेहनतीने वर आलो.”

तो खोटे बोलत नव्हता. त्याने खरोखरच मेहनत केली होती. कंदिलाच्या उजेडात अभ्यास केला होता, पहाटेची लोकल धरली होती. त्याला वारा लागला नव्हता, एवढेच. समान वाटणी हा न्याय आहे, परंतु तो शर्यतीच्या शेवटच्या रेषेवर उभे राहून केलेला न्याय आहे. सकाळपासूनचा रस्ता त्यात मोजलेला नसतो. कायद्याला तो मोजताही येणार नाही. पाच भावंडांच्या तीस वर्षांचा वारा कोणते न्यायालय मोजणार? ते काम ज्याने आडोसा घेतला त्यालाच करावे लागते.

ही मंडळी आमच्याकडे तीनदा आली. तिसऱ्या वेळी कॅनडाहून धाकटाही आला होता. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग त्याने आमच्या टेबलावरचा एक पाठकोरा कागद मागून घेतला आणि खिशातले पेन काढून एकाखाली एक लिहू लागला: अकरावीचे शुल्क, वसतिगृहाचे पैसे, पहिल्या वर्षाची पुस्तके, टायफॉइड झाला तेव्हाची तिची एकवीस दिवसांची बिनपगारी रजा, पासपोर्ट, विमानाचे तिकीट. कागद भरत आला तसा त्याने तो उलटा केला, आणि उलट्या बाजूला छापील मजकूर आहे हे पाहून दुसरा मागितला. थोरली बहीण चष्मा लावून त्याच्या खांद्यावरून वाचत होती. तिकिटाच्या ओळीशी तिने बोट ठेवले.

“ह्यातले अर्धे पैसे मधल्याने दिले होते रे,” ती म्हणाली. “ते त्याच्या नावावर लिही.”